डाव्या पायाचा जबाब

मंगळवार, तेरा ऑगस्ट १९७४. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, अॅडलेडच्या उत्तरेकडच्या मोटार कारखान्याच्या आवारात, रंगशाळेच्या, म्हणजे गाड्या रंगवायच्या विभागाच्या, कोपऱ्यावर नाझरेनो बुतिजीज चालवत असलेली पांढरी स्टेशन वॅगन वळता वळता जागच्या जागी थांबली. मागून येणारी, पाठीमागे उघडा हौदा असलेली गाडी तिच्यावर आदळली. त्या गाडीत कॉलिन ट्रेलोर होता. त्याची छाती स्टिअरिंगवर आणि डोकं दाराच्या खांबावर आपटलं. दोन्ही गाड्या जुळणीच्या पट्ट्यावरून उतरून अर्धा तासही झाला नव्हता. सीटवरचं प्लॅस्टिक तसंच होतं. सात चाळीसला रुग्णवाहिका फाटकाबाहेर पडली. आठला बदली दोन ड्रायव्हर आले आणि गाड्यांची रांग पुन्हा हलू लागली.

नाझरेनोला खरचटलंही नव्हतं. कोणीतरी त्याला पत्र्याच्या पिंपावर बसवलं, चार चमचे साखर घातलेला चहा हातात दिला. फोरमन हॅस्लम फळीला लावलेला कागद घेऊन आला. "काय झालं, नाझ?" नाझरेनो म्हणाला, "गाडी थांबली." हॅस्लमने विचारलं, "म्हणजे, आपोआप?" कारखान्यात या माणसाला मूर्ख कोणीच म्हणत नसे, आणि तरी त्याने त्या घटकेला हातातल्या कपाकडे बघत तेवढंच पुन्हा सांगितलं, "एकदम थांबली." हॅस्लमने लिहून घेतलं: पुढील गाडी अचानक थांबली. खाली सही करायची जागा होती. नाझरेनोने सही केली. पुढे तीन दिवस त्याला छळलं ते हे की त्या कागदावर खोटं असं काहीच नव्हतं. गाडी थांबली होती. एकदम थांबली होती. थांबवणाऱ्याचं नाव कोणी विचारलं नाही, आणि त्याने ते आपण होऊन सांगितलं नाही.

थांबवणारा होता त्याचा डावा पाय. हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं, मागून धडक बसायच्या आधी. सीटवरून पुढे सरकताना, प्लॅस्टिकवर पँट घसरताना, त्याला आपला पाय दिसला होता: गुडघ्यात सरळ, पूर्ण ताणलेला, क्लच दाबतात तसा मुळापर्यंत दाबलेला. पण त्या गाडीला क्लच नव्हता. ऑटोमॅटिक होती ती. क्लचच्या जागेपर्यंत पसरलेलं ब्रेकचं रुंद पेडल होतं, आणि त्या पायाने जुन्या सवयीने, इमानदारीने, गिअर बदलायच्या जागी ते दाबलं होतं. उजवा पाय ब्रेक दाबतो तेव्हा जपून दाबतो, त्याला मोजमाप असतं. डाव्याला ते कोणी शिकवलेलंच नसतं. त्याला एकच ठाऊक: खालपर्यंत.

त्या सकाळी त्याच्या वाट्याला आधी पाच गाड्या आल्या होत्या आणि पाचही गिअरवाल्या. सहावी ही वॅगन. दोन्ही तऱ्हांमध्ये गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच, डाव्या हाताशी, एकाच लांबीचा, एकाच काळ्या मुठीचा. काचेवर गुलाबी कागद चिकटवलेला असे आणि त्यात चौदाव्या चौकटीत गिअरबॉक्सची तऱ्हा छापलेली असे. तो कागद कोणी वाचत नसे. आवारातल्या सहा ड्रायव्हरांची रीत वेगळी होती: दार ओढायचं, बसायचं, डावा पाय पुढे टाकून चाचपायचं. काही लागलं तर गिअरवाली, मोकळं गेलं तर ऑटोमॅटिक. एका पाळीत चाळीस चाळीस गाड्या हलवायच्या तर चष्मा काढून कागद वाचत कोण बसेल? सीटचे पट्टे बांधायचे नाहीत तेही त्याच हिशेबाने. अर्धा मैल जायचं, उतरायचं, व्हॅनमधून परत यायचं. त्या सकाळी डावा पाय पुढे गेला आणि त्याला काहीतरी लागलं. रुंद पेडलचा डावा कोपरा. पायाचं समाधान झालं. हाताने मात्र दांडा 'डी'वर, ऑटोमॅटिकलाच असणाऱ्या खुणेवर, ओढला; म्हणजे हाताला ठाऊक होतं. एकाच माणसाचा हात एका गाडीत बसला होता आणि पाय दुसरीत. नाझरेनो पुन्हा पुन्हा या जागी येऊन अडायचा. हाताला ठाऊक होतं, मग आपल्याला ठाऊक होतं की नव्हतं?

तो पाय झेयतूनचा होता. माल्टात, झेयतूनपासून वालेत्तापर्यंत, त्याने वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून बस चालवली होती. लढाईनंतर लष्कराने टाकून दिलेल्या ट्रकच्या सांगाड्यावर गावच्या सुताराने बांधलेली बस, आरशापाशी देवमातेची तसबीर, आणि गिअर असा की एकदा क्लच दाबून भागत नसे. दाबायचा, सोडायचा, इंजिनला थोडा घास द्यायचा, पुन्हा दाबायचा, मग दातात दात बसणार. नाही बसले तर सगळी बस ऐकत असे, आणि मागच्या बाकावरची एखादी म्हातारी म्हणत असे, "काय रे, हाडं मोडतोयस का कोणाची?" चढावर, पावलात गोळा येईपर्यंत, दिवसाला हजार वेळा. लग्नात वेदीसमोर गुडघे टेकले तेव्हा त्याचं डावं पाऊल आपोआप खाली ताणलं गेलं होतं आणि चेत्ता, त्याची बायको, ते अजून सांगते. सत्तावीस वर्षांचा असताना तो बोटीने इकडे आला. भाषा नव्हती, इंग्रजी तोंडात खडे भरल्यासारखं. पाय मात्र जसाच्या तसा उतरला. त्याला इथे काही नवं शिकावं लागलं नाही.

एकसष्ट साली त्याला या कारखान्यात गिअरबॉक्सच्या शाळेत घेतलं; विभागांना तिथे शाळाच म्हणत. अकरा वर्षं तो पितळी कडी बसवत होता, गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवणारी कडी, अंगठ्याने दाबून, गिअरच्या एका पेटीला तीन. कोणत्या गाडीला कोणती पेटी जाते हे त्याला पाठ होतं, जपमाळेसारखं: टॅक्सीच्या साध्या मोटारीला, हौद्याच्या गाडीला आणि डिलिव्हरी व्हॅनला तीन गिअरची; दोन दारांच्या भपकेबाज गाडीला चार गिअरची, जमिनीतून वर आलेल्या दांड्याची; वॅगनला मागाल ती; आणि आठ सिलिंडरच्या इंजिनाला तर परदेशातून लाकडी खोक्यातून येणारी ऑटोमॅटिक, कारण इथली पेटी तेवढा जोर सोसत नसे. ऑटोमॅटिकची शाळा पलीकडच्या इमारतीत होती. तिथे माणसं पांढरे कोट घालत, जमीन दिवसातून दोनदा पुसत, धुळीचा कण आत गेला की पेटी फुकट. गिअरवाले तिला दवाखाना म्हणत. एकसष्टला दहातल्या नऊ गाड्या गिअरवाल्या निघत. दरवर्षी जानेवारीत फळ्यावर नवा आकडा लागे. आठ. सात. सत्तरला निम्म्या. बहात्तरला गिअरवाल्यांची एक पाळी बंद झाली आणि ज्यांना घालवता येत नव्हतं त्यांना आवारात गाड्या हलवायला पाठवलं. नाझरेनोने तक्रार केली नाही. निदान आता आपण बसवलेलं चालवायला तरी मिळेल, असं त्याला वाटलं होतं.

कॉलिन ट्रेलोर दवाखान्यातला. मूंटाच्या खाणकाम करणाऱ्यांच्या घरातला. पाठ गेली म्हणून आवारात आला. व्हॅनमध्ये तो नेहमी नाझरेनोच्या समोर बसे आणि थर्मासचं झाकण उघडता उघडता सुरू होई. "काय बस ड्रायव्हर, आज किती प्रवासी विसरलास?" नाझरेनो म्हणे, "तुझ्या गाड्यांना ड्रायव्हर कशाला लागतो? बाळाला बसवलं तरी जातात." "म्हणून तर तुला देतात ना." सगळे हसत. कॉलिनचं म्हणणं असं की पाच वर्षांत डावा पाय शोभेपुरता उरणार. "तुझ्या त्या पायाला आत्ताच निवृत्त कर, गड्या. घरी खुर्चीवर ठेव, त्याला वर्तमानपत्र वाचून दाखव." हे त्याने सोमवारी म्हटलं होतं की मागच्या आठवड्यात? नाझरेनोला आठवत नव्हतं, आणि आठवायलाच हवं असं उगीच वाटत होतं, जणू ते सोमवारी म्हटलं असेल तर काही वेगळं ठरणार होतं.

बुधवारी ब्रेकच्या शाळेतून कागद आला. वॅगनचे ब्रेक चारही चाकांना निर्दोष. मग राहिला आवाराचा नियम, जो फाटकापासून मुतारीपर्यंत सगळीकडे लावलेला होता: दोन गाड्यांत अंतर राखण्याची जबाबदारी मागच्या चालकाची. अंतर कोणीच राखत नसे. पत्र्याच्या शाळेतून फोर्कलिफ्ट रस्ता ओलांडत, आणि रांगेत फट दिसली की एकामागून एक घुसत. मग दहा दहा मिनिटं खोळंबा, आणि हॅस्लमची शिवी. म्हणून सहाही जण शेपटाला तोंड लावून चालवत. ते हॅस्लमला ठाऊक होतं, त्याच्या वरच्याला ठाऊक होतं. पण नियम होता आणि तो छापलेला होता. दुपारी युनियनचा लेस गॉडिंग व्हॅनशी आला, नाझरेनोला बाजूला घेऊन म्हणाला, "तुला काही होत नाही. निर्धास्त राहा. मागचा आदळला, मागच्याचं नाव." नाझरेनोने विचारलं, "आणि कॉलिनचं?" लेसने नाक खाजवलं. "आधी उठू तर दे त्याला. उठला की बघू. आवारात तर पुन्हा घेणार नाहीत, ते उघडच आहे."

संध्याकाळी तो इस्पितळात गेला. कॉलिनला बघू दिलं नाही. बाहेरच्या बाकावर त्याची बायको बेरिल बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. ती त्याला ओळखत होती. नाताळच्या मेळाव्यात दोनदा भेटली होती. "फुप्फुसात बरगडी गेली होती, ती काढली," ती म्हणाली, "पण डोक्याचं काही सांगत नाहीत. मी हाक मारते. पापणीसुद्धा हलत नाही." मग म्हणाली, "कारखान्यातून एक जण आला होता. सभ्य होता. म्हणाला, तुमचे यजमान जरा जवळून चालवत होते. मी म्हटलं, अहो, तो माझ्याशी भांडतानासुद्धा दोन पावलं मागे उभा राहतो." ती हसली आणि हसू तोंडावरच राहिलं. "तू पुढे होतास ना, नाझ? तूच सांग. तो उठल्यावर पहिल्यांदा मलाच विचारणार, काय झालं म्हणून. मी काय सांगू त्याला? तूच चुकलास म्हणून सांगू?" नाझरेनोच्या तोंडात वाक्य तयार होतं. चार शब्दांचं. त्याने ते जिभेवर ठेवलं, आणि मग नर्स आली, बेरिल उठली, आणि बाकावर तिच्या पर्सची उबदार जागा तेवढी राहिली. वाक्य त्याने गिळलं.

घरी येताना त्याने स्वतःची गाडी चालवली. ती त्याच कारखान्याची, चौसष्ट सालची, तीन गिअरची, आत पेटीत त्याच्याच हातची कडी असण्याचा संभव होता. प्रत्येक सिग्नलला डावा पाय गेला आणि आला. तो पायाकडे बघत होता. पाय कसा निर्व्याज काम करत होता! त्याला ना लाज ना खेद. जो माणूस दोन दिवसांनी टेबलापाशी बसून जबाब देणार होता त्याचा आणि या पायाचा संबंध तरी काय, असं त्याला वाटून गेलं; आणि लगेच असंही वाटलं की हा विचार सोयीचा आहे, आणि सोयीचे विचार कोण पाठवतं ते लहानपणी पाद्र्याने सांगितलं होतं.

गुरुवारी पंधरा ऑगस्ट, सांता मारिया, देवमातेचा सण. झेयतूनमध्ये त्या दिवशी उन्हाने दगड तापलेले असत. इथे थंडीत, कोट घालून, चर्चमध्ये संध्याकाळी सहाच्या मिस्साला सगळे माल्टाकर जमले. हात बांधून, मान खाली घालून लोक प्रसाद घ्यायला वेदीकडे निघाले. चेत्ता उठली, त्याच्या गुडघ्यावरून पुढे सरकली, आणि चार पावलांवर थांबून तिने मागे पाहिलं. तो बाकावर बसून होता. बावीस वर्षांच्या संसारात सांता मारियाला तो बसून राहिला नव्हता. ती वेदीकडे जाऊन आली, तोंड मिटून, डोळे मिटून शेजारी गुडघे टेकून बसली. बोलली ती घरी आल्यावर, कौलाता वाढताना. त्या पातळ रश्श्यात कोबी आणि डुकराच्या मांसाचे तुकडे तरंगत होते आणि त्यांच्याकडे बघतच ती म्हणाली, "पाप असल्याशिवाय तू बसून राहायचा नाहीस."

"खा आता."

"तू मारलंस का त्याला?"

"कॉलिन जिवंत आहे."

"मी ते विचारलं नाही."

त्याने तिला सांगितलं. सांगताना टेबलाखाली पाय दाबून दाखवला, आणि फरशीवर चपलेचा आवाज झाला. चेत्ताने वाडगा खाली ठेवला. तिने रडारड केली नाही. म्हणाली, "मुद्दाम केलं नाहीस. पाय तो. त्याला कसं कळणार?" आणि थोड्या वेळाने, "पण सांगितलं नाहीस ते तर पायाने नाही ना केलं." मग ती बशा उचलायला लागली. उद्या दोन वाजता चौकशी आहे हे त्याने तिला सांगितलं. तिने निळा शर्ट काढून इस्त्री केली.

शुक्रवारी दोन वाजता कचेरीत चौघे होते. सुरक्षा खात्याचे रिचबेल, साठीचे, दाढी घोटून गुळगुळीत, पेन्सिलीला टोक काढून ठेवलेलं, हॅस्लम, लेस, आणि तो. रिचबेलनी मंगळवारचा कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "यात काही भर घालायची आहे का, मिस्टर बुतिजीज?" आडनाव त्यांनी नीट उच्चारलं होतं, ते आधी कोणालातरी विचारून आले असावेत. नाझरेनो म्हणाला, "ब्रेक मी दाबला. डाव्या पायाने. क्लच समजून." टेबलाखाली लेसचा बूट त्याच्या नडगीवर आला.

"मंगळवारी तुम्ही असं म्हटलं नव्हतं."

"मंगळवारी पायाचं कोणी विचारलं नव्हतं."

"साहेब, माझा माणूस तीन दिवस झोपलेला नाही," लेस म्हणाला. "दोस्तासाठी जीव तुटतोय त्याचा. काहीही अंगावर घेईल."

"झोपतो मी," नाझरेनो म्हणाला.

"गप बस रे जरा."

रिचबेलनी दोघांकडे पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, गाडी तुम्ही 'डी'मध्ये टाकली होती. म्हणजे ती ऑटोमॅटिक आहे हे तुम्हाला माहीत होतं. नाझरेनो म्हणाला, हाताला माहीत होतं. रिचबेलनी पेन्सिल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. हे मी कसं लिहू, असं त्यांनी खरोखरच्या कुतूहलाने विचारलं. मग नाझरेनोने त्यांना सगळं सांगितलं, चाचपायची रीत, पेडलचा कोपरा, आधीच्या पाच गाड्या. हॅस्लम खिडकीबाहेर बघत होता. चाचपायची रीत त्याने कधी ऐकलीच नाही, असं तो म्हणाला. शेवटी रिचबेल उठले. "चला. करून दाखवा."

वॅगन कुलपात होती. तिचं मागचं दार लागत नव्हतं, दोरीने बांधलं. हॅस्लम शेजारी बसला, मागे रिचबेल, फळी मांडीवर. पट्टे आता सगळ्यांनी बांधले. नाझरेनोने पाय पुढे टाकला, कोपरा लागला, "हे बघा," तो म्हणाला, "इथे लागतं." गाडी निघाली. पत्र्याची शाळा गेली, पंपघर गेलं, रंगशाळेचा कोपरा आला. त्याने वेग तेवढाच ठेवला, पंचवीस मैल. तो वाट बघत होता. वळण आलं, वळण गेलं. डावा पाय जमिनीवर पडून होता, सतरंजीवर, शहाण्या कुत्र्यासारखा. "पुन्हा," रिचबेल म्हणाले. दुसऱ्या फेरीला त्याने दुसरीकडे लक्ष घालायचा प्रयत्न केला. चेत्ताने इस्त्री केलेली बाही. झेयतूनचा चढ. कोणत्या गाडीला कोणती पेटी: टॅक्सीला तीन, व्हॅनला तीन. कोपरा आला. काही नाही. तिसऱ्या फेरीला, चौथ्या फेरीला काही नाही. पाचवीला त्याला राहवलं नाही. कोपऱ्यावर त्याने पाय उचलला आणि दाबला. वॅगन थांबली, तिघे पट्ट्यांत लटकले, मागचं दार दोरीवर आदळलं. रिचबेलनी चष्मा सारखा केला. "हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो."

"मग ते धरता येत नाही."

नाझरेनो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. आयुष्यात ज्या पायाला त्याने कधी सांगितलं नाही की दाब, तो आता सांगूनही दाबत नव्हता; आणि दाबला तर ते त्याचं दाबणं धरलं जात नव्हतं. मंगळवारी पाय दिसला होता तो खरंच दिसला होता का? गुडघा सरळ, ताणलेला? की बाकावर बसून, रात्री छताकडे बघून, टेबलाखाली चेत्ताला दाखवून दाखवून आपणच ते चित्र रंगवलं? अशी फट पडताच तिच्यातून थोडी हलकी हवा आत आली, आणि ती हवा आपल्याला बरी वाटली हे लक्षात येऊन तो दचकला. तो घाईने म्हणाला, "साहेब, असं नाही व्हायचं. मला आधी पाच गाड्या गिअरवाल्या द्या. लागोपाठ. मग ही द्या. आणि मी सहावी बघणार नाही. मग होईल."

रिचबेलनी हॅस्लमकडे पाहिलं. हॅस्लम म्हणाला, "आज पट्ट्यावर सगळ्या ऑटोमॅटिक आहेत. सगळ्या. गिअरवाल्या आता सोमवारी, फार तर मंगळवारी."

"माझा अहवाल आज जायचा आहे," रिचबेल म्हणाले. ते कठोरपणे म्हणाले नाहीत. उतरताना त्यांनी नाझरेनोच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच. "तुमची भावना मी समजू शकतो, मिस्टर बुतिजीज. कॉलिन ट्रेलोर तुमचे मित्र आहेत." लेस कोपऱ्यावर सिगारेट ओढत उभा होता. गाडीतून उतरलेल्या नाझरेनोला तो म्हणाला, "झालं समाधान? आता घरी जा. आणि कोणाला पायबिय सांगत फिरू नकोस, माणसं हसतील."

चार वाजून दहा मिनिटांनी अहवाल टाइप होऊन गेला. त्यात नवव्या परिच्छेदात होतं: मागील चालकाने पुरेसे अंतर राखले नाही. दहाव्यात होतं: पुढील चालकाने शुक्रवारी दिलेला सुधारित जबाब पाच प्रात्यक्षिक फेऱ्यांत सिद्ध झाला नाही. चाचपायच्या रितीचा उल्लेख नव्हता. हॅस्लमने नाझरेनोला त्या दोन ओळी बोटाने दाखवल्या आणि कागद खणात ठेवला.

फाटकाजवळच्या फोनवरून त्याने इस्पितळात फोन लावला. बेरिलला बोलावून आणायला वेळ लागला. तोवर त्याने नाणं हातात धरून ठेवलं. ती आली तेव्हा त्याने तिला सांगितलं, चार शब्दांत, आणि मग ते पुरेना म्हणून आणखी बऱ्याच शब्दांत. पलीकडून चाकांचा आवाज येत होता, कोणाची तरी ढकलगाडी.

"तू त्यांना सांगितलंस हे?"

"सांगितलं."

"मग आता ते तसं लिहितील ना?"

"नाही."

"का?"

तो सांगू लागला, पाच फेऱ्या, कोपरा, पाय. सांगताना त्याला ऐकू येत होतं की हे किती पोकळ लागतंय. तिने त्याला पुरं करू दिलं नाही. "नाझ, थांब," ती म्हणाली, "कोणीतरी बोलावतंय." फोन टांगता राहिला असावा; कारण पावलं लांब जाताना ऐकू आली, एक दार, आणि एका बाईचा आवाज, शब्द कळले नाहीत. त्याने दुसरं नाणं टाकलं. मग एका अनोळखी माणसाने फोन उचलला, कोण हवंय विचारलं. नाझरेनोने कॉलिनचं नाव सांगितलं. तो माणूस म्हणाला, सव्वापाचला त्यांना पुन्हा शस्त्रक्रियेच्या खोलीत नेलं. बाई दाराशी आहेत. बाकी काही माहीत नाही. तुम्ही कोण?

पाच वाजून बावीस मिनिटं झाली होती. सहापर्यंत दुसरी काही बातमी नव्हती.